वाचकांचे प्रश्न : ड्युटेरॉनमधले सहा क्वार्क

प्रश्न : ड्युटेरॉनमध्ये (जड हायड्रोजनच्या अणुकेंद्रात) एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, प्रत्येकात क्वार्क हे तीन मूलकण, म्हणजे मिळून सहा क्वार्क. क्वार्कांची समीकरणं ठाऊक असताना त्याची बंधनऊर्जा (प्रोटॉन-न्यूट्रॉन सुटे करायला लागणारी ऊर्जा) थेट तिथूनच का काढत नाहीत?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी

उत्तर : काढायचा प्रयत्न होतो, मोठमोठे महासंगणक त्यासाठी राबतात. समीकरणं मांडता येतात. आलेलं उत्तर गोंगाटातून (गणितातल्या यादृच्छिक चढउतारांतून) वेगळं करणं अवघड जातं.

अवकाश आणि काळाची जाळी (लॅटिस) घेऊन तिच्यावर ग्लुऑन-क्षेत्राचे (क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या क्षेत्राचे) पुष्कळ यादृच्छिक नमुने तयार करतात. प्रत्येक नमुन्यात क्वार्कांचे मार्ग काढून सुरुवातीचे क्वार्क शेवटच्यांशी सर्व प्रकारे जोडायचे. ड्युटेरॉनमध्ये तीन अप आणि तीन डाउन जातीचे क्वार्क, म्हणून ३! × ३! = ३६ जोडण्या. हेलियम-४ मध्ये ६! × ६! = ५,१८,४००. समरूपता वापरून हे काम बरंच आटोक्यात येतं.

गोंगाट मात्र आटोक्यात येत नाही. न्यूक्लिऑनच्या (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनच्या) वस्तुमानातून पायॉन या क्वार्क-प्रतिक्वार्कांच्या हलक्या कणाच्या वस्तुमानाची दीडपट वजा करा : ९३९ − २०७ = ७३२ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक, वस्तुमानही त्यातच मोजतात). जाळीवरचा सुरुवात ते शेवट हा काळ वाढला की दर न्यूक्लिऑनमागे सिग्नल (हवं ते उत्तर) गोंगाटाच्या तुलनेत या दराने घातांकी घसरतो. ड्युटेरॉनसाठी काळ १ फर्मीने (प्रकाशाला १०⁻¹⁵ मीटर जायला लागणाऱ्या वेळेने) वाढवला की घसरण सुमारे १६०० पट. गोंगाट नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच घटतो, म्हणून नमुने वाढवून ही घसरण भरून काढायची तर १६०० चा वर्ग, म्हणजे पंचवीस लाखपट नमुने!

आणि काळ वाढवावा तर लागतोच, कारण सुरुवातीला वरच्या ऊर्जेच्या अवस्थाही उत्तरात मिसळलेल्या असतात. ५ फर्मी बाजूच्या पेटीत (जाळीच्या अवकाशात) लगतची वरची अवस्था जेमतेम ६५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट वर असते. तिचा अंश विरायला ३ फर्मीहून बराच जास्त काळ हवा. तोवर सिग्नल बुडालेला असतो. शोधायची बंधनऊर्जा किती? फक्त २.२ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट.

म्हणून गणितात पायॉन मुद्दाम जड घेतात. गोंगाट घटतो, पण ते आपल्या जगातलं ड्युटेरॉन राहत नाही. शिवाय काळाच्या एका टोकाला सहा क्वार्क एकत्र ठेवलेली रचना आणि दुसऱ्या टोकाला दोन सुटे न्यूक्लिऑन घेतले, तर वेगवेगळ्या अवस्थांचे अंश उलट चिन्हांनी एकमेकांना खोडतात आणि ऊर्जेचा काळानुसार आलेख खोट्या पठारावर सपाट दिसतो. ८०६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पायॉनसह अशा मांडणीतून पूर्वी सुमारे २० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टची घट्ट बंधनऊर्जा निघाली होती. दोन्ही टोकांना तेच रचनासंच वापरणाऱ्या नंतरच्या गणितांत तिला दुजोरा मिळालेला नाही. निबंध वाचताना आधी पायॉनचं वस्तुमान पाहा, मग दोन्ही टोकांच्या रचना, आणि त्यानंतरच उत्तराचा आकडा.