वाचकांचे प्रश्न : कॅम्पर व्हॅनमागे ट्रॅकची गाडी

प्रश्न : आमच्याकडे फोर्स ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली कॅम्पर व्हॅन आहे आणि थोरल्या भावाने केवळ ट्रॅकवर चालवण्यासाठी तयार केलेली एक जुनी पोलो आहे. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक येथे ट्रॅक डे, म्हणजे शर्यत न लावता आपली गाडी ट्रॅकवर चालवण्याचे दिवस, असतात. पोलो ट्रेलरवर चढवून व्हॅनमागे न्यावी आणि मुक्काम व्हॅनमध्येच करावा, असा आमचा विचार आहे. व्हॅनचे इंजिन 115 अश्वशक्तीचे आहे. ते पुरेल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : केवळ इंजिनापुरते बोलायचे तर पुरेल. 350 न्यूटन-मीटर टॉर्कचे हे डिझेल इंजिन सव्वापाच टनांचा एकत्रित बोजा खंबाटकीच्या चढावर खालच्या गिअरमध्ये ओढून नेईल. वेळ लागेल, मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवतील, पण गाडी चढेल. आपल्या बेताची खरी परीक्षा मात्र उतारावर, वळणावर आणि अचानक ब्रेक लावावा लागेल तेव्हा होणार आहे, म्हणून उत्तराचा भर मी तेथेच ठेवतो.

आधी वजनाचा हिशेब मांडू. पोलो साधारण 1,100 किलोची आहे. मोटार वाहून नेणारा, दोन आसांचा आणि स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर 500 ते 700 किलोचा असतो. टायरचा दुसरा संच, जॅक आणि हत्यारांची पेटी धरली की मागचा बोजा 1,800 किलोच्या घरात जातो. आपल्याकडच्या वर्गवारीत 750 किलोपर्यंतचा ट्रेलर टी-1 आणि त्यापुढे साडेतीन टनांपर्यंतचा टी-2 मानला जातो, तेव्हा आपला ट्रेलर टी-2 वर्गातला ठरेल. आता व्हॅनच्या उत्पादकाकडून तीन आकडे लेखी मागवावेत : व्हॅनचे कमाल भारित वजन, तिने ओढायच्या ट्रेलरचे कमाल वजन आणि दोन्ही मिळून चालणारे कमाल वजन. यांपैकी दुसरा आकडा मिळालाच नाही, तर ओढण्याची क्षमता शून्य आहे असे समजून बेत तेथेच थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गॅरेजमधला मिस्त्री ‘दोन टन आरामात ओढेल’ असे सांगेल आणि त्याचा अनुभव खोटाही नसेल. परंतु अपघातानंतर विमा कंपनीपुढे किंवा न्यायालयात त्या शब्दाला आधार राहत नाही.

कॅम्पर व्हॅनचे आणखी एक दुखणे असे की ट्रेलर जोडण्याआधीच ती जड झालेली असते. प्लायवूडची कपाटे, बॅटऱ्या, फ्रीज, गॅसची शेगडी आणि 100 लिटरची भरलेली पाण्याची टाकी, म्हणजे पाण्याचेच 100 किलो, हे सारे उत्पादकाने ठरवलेल्या कमाल वजनातूनच वजा होते. म्हणून व्हॅन प्रवासाला निघते तशी पूर्ण भरून, माणसे बसवून वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण गाडी, आणि शेवटी फक्त मागची चाके. मागच्या आसावरचा आकडा जपून ठेवावा, कारण ट्रेलरचा त्रास त्या आसाला होतो.

तो कसा होतो, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, व्हॅनच्या पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये साडेतीन मीटर अंतर आहे आणि टो-हिचचा, म्हणजे ट्रेलर अडकवण्याच्या जोडणीचा, गोळा मागच्या आसापासून 1.4 मीटर मागे आहे. ट्रेलरचे तोंड त्या गोळ्यावर 100 किलोंनी दाबत असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या आसावर 140 किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे 40 किलो कमी होतात. म्हणजे मागचे टायर आणि पाटे ताणाखाली येतात आणि स्टिअरिंग ज्या चाकांच्या भरवशावर चालते त्यांची रस्त्यावरची पकड सैल होते. ट्रॅव्हलरसारख्या गाडीचा मागचा भाग आसापासून बराच बाहेर आलेला असल्यामुळे हा परिणाम लहान मोटारीपेक्षा अधिक जाणवतो, आणि ट्रेलर डावीकडे-उजवीकडे हेलकावू लागला की तो व्हॅनची शेपूटही त्याच लांबीच्या जोरावर सहज हलवतो.

कागदपत्रांचा विषय थोडक्यात. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार ट्रेलर हे स्वतंत्रपणे नोंदणी करायचे वाहन आहे. त्याला स्वतःचा क्रमांक, दिवे आणि विमा लागतो. व्हॅनला हिच बसवणे हा मूळ रचनेतील बदल ठरू शकतो, आणि अशा बदलांविषयीच्या त्याच कायद्याच्या कलम 52 चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये काटेकोरपणे लावला आहे. त्यामुळे वेल्डिंग करून हिच बसवून घ्यायची आणि मग आरटीओकडे जायचे, हा क्रम उलटा आहे. आधी आरटीओत विचारावे, लेखी उत्तर घ्यावे आणि नंतरच गाडीला हात लावावा.

हे सारे जुळून आले, तरीही पहिल्या वर्षी आपण पोलो फ्लॅटबेड ट्रकवरून पुढे पाठवावी आणि भावंडांनी व्हॅनने मागून जावे, असे मी सुचवेन. पुण्याहून दोन्ही ट्रॅक साधारण 1,200 किलोमीटरवर आहेत. म्हणजे कारीच्या जेमतेम 2.1 किलोमीटरच्या फेऱ्या मारण्यासाठी जाऊन-येऊन 2,400 किलोमीटर ट्रेलर ओढायचा आहे. ट्रकचे भाडे टोचेल, हे मान्य. पण ट्रॅकवर उतरणारा माणूस ताजातवाना असणे हीसुद्धा सुरक्षिततेचीच बाब आहे, आणि रात्रभर आरशात ट्रेलरकडे पाहत गाडी हाकलेला चालक सकाळी ताजा नसतो.

प्रश्न : ट्रेलर, हिच आणि कागदपत्रे आमच्याकडे रीतसर आहेत. गोळ्यावर नेमके किती वजन असावे आणि ते घरी कसे मोजावे? गेल्या खेपेस सातारा रस्त्यावर ट्रेलर मागे डोलू लागला होता, तेव्हा काय करायला हवे होते?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : युरोपात भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के, तर अमेरिकेत 10 ते 15 टक्के वजन गोळ्यावर ठेवण्याचा प्रघात आहे. आपण आपल्या हिचवर आणि ट्रेलरच्या कपलिंगवर, म्हणजे गोळ्यावर बसणाऱ्या तोंडावर, कोरलेली मर्यादा पाहावी आणि त्यांतला लहान आकडा प्रमाण मानावा. त्या मर्यादेत राहून जितके वरच्या बाजूला जाता येईल तितके बरे, कारण तोंड हलके आणि शेपूट जड असलेला ट्रेलर हमखास डोलतो.

मोजण्यासाठी घरातला साधा वजनकाटा चालतो. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करावा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, गाडी वर चढवून बांधावी आणि कपलिंगखाली भक्कम लाकडी ठोकळा ठेवून तो काट्यावर टेकवावा. ठोकळ्याची उंची अशी हवी की कपलिंग हिचच्या गोळ्याइतक्याच उंचीवर येईल; तोंड खाली झुकलेले असेल तर आकडा खोटा येतो. काट्याची कमाल मर्यादा आधी पाहावी आणि हात कपलिंगखाली घालू नये. पोलोसारख्या पुढे इंजिन असलेल्या गाडीत जागा अवघी वीतभर पुढे-मागे केली तरी आकडा बराच बदलतो. योग्य जागा सापडली की पुढच्या टायरसमोर ट्रेलरच्या पत्र्यावर रंगाची रेघ ओढून ठेवावी, म्हणजे परतताना अंधारात, घाईत गाडी चढवतानाही ती तेथेच थांबेल. टायरचा जादा संच शेपटीकडे न ठेवता आसांच्या वर किंवा किंचित पुढे बांधावा. चारही चाकांवरून पट्टे घ्यावेत आणि निघाल्यावर वीस-तीस किलोमीटरांवर थांबून ते पुन्हा आवळावेत. पहिल्या टप्प्यात ते नेहमी सैल होतात. त्याच थांब्यावर ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात नेऊन पाहावा. एकच हब इतरांपेक्षा तापलेला असेल, तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक बोलतो आहे असे समजून तेथेच दुरुस्ती करावी.

ट्रेलर डोलू लागला तर स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरावे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचलावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. डोलण्याच्या उलट दिशेने स्टिअरिंग फिरवण्याचा मोह होतो, पण आपली प्रतिक्रिया नेहमी क्षणभर उशिरा पोहोचते आणि हेलकावा वाढतो. जोराचा ब्रेक तर लावूच नये. ट्रेलरचे ब्रेक चालकाच्या जागेवरून स्वतंत्रपणे लावता येत असतील, तर फक्त तेच हलकेच लावावेत. आणि वेग वाढवून ट्रेलर ताणून सरळ होईल, हा सल्ला आपल्याला कोणी दिला असल्यास तो विसरून जावा.

प्रश्न : कोइमतूरच्या रस्त्यावर कोणत्या जागी विशेष सांभाळावे?
— एक वाचक, धायरी

उत्तर : आपल्या दारावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 48 सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर आणि कृष्णगिरीमार्गे थेट चेन्नईकडे जातो, आणि इरुंगट्टुकोट्टाई त्याच महामार्गावर आहे. कोइमतूरसाठी कृष्णगिरीला तो सोडून सेलमकडे वळावे लागते आणि मग धर्मपुरीच्या पुढे तोप्पूर घाट लागतो. हा लांबलचक उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक, तापून निकामी झालेले ब्रेक आणि पुढे साचलेली वाहने हे तेथले चित्र धायरीकरांना वेगळे सांगायला नको. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर तेच घडत आले आहे.

दोन्ही ठिकाणी नियम एकच. उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करून खालचा गिअर टाकावा, इंजिनाला गाडी रोखू द्यावी, आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा वेळ ठाम दाबून पूर्ण सोडावा, म्हणजे त्याला निवायला उसंत मिळते. ट्रेलरला रेट्यावर चालणारे ब्रेक असतील, म्हणजे ट्रेलर व्हॅनला मागून रेटतो तेव्हाच लागणारे, तर लांब उतारावर ते सतत थोडेथोडे घासत राहतात. म्हणून उतार संपल्यावर सुरक्षित जागी थांबून ते निवू द्यावेत. गरम ड्रमवर पाणी ओतू नये. परतीच्या वाटेवर खंबाटकीच्या बोगद्यानंतरचे नागमोडी वळण आणि मग नवले पुलाचा उतार हे दोन्ही प्रवासाच्या अगदी शेवटी, अंग आंबलेले असताना येतात. मुक्काम साताऱ्याला करावा आणि हा टप्पा सकाळी घ्यावा.

प्रश्न : ट्रेलर महाग पडतो. पोलोची पुढची बाजू लोखंडी बारने व्हॅनला जोडून चारही चाकांवर ओढत नेली तर?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : नेऊ नये. 2017 च्या वाहनचालन विनियमांत नोंदणीकृत ट्रेलर वगळता दुसरे वाहन ओढण्याची मुभा मुख्यतः बिघडलेल्या वाहनासाठी आहे, तीही जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचवण्यापुरती. धडधाकट मोटार दोन राज्यांपलीकडे ओढत नेणे त्यात बसत नाही. शिवाय त्या अवस्थेत पोलोला ब्रेक लावणारे कोणी नसते आणि 1,100 किलोंचा सगळा रेटा व्हॅनच्या ब्रेकवर येतो.

प्रश्न : ट्रॅकवर गाडीचे नुकसान झाल्यास नेहमीचा विमा भरपाई देतो का?
— एक वाचक, औंध

उत्तर : खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, असा युक्तिवाद आपण कराल, पण वेगचाचणी हा शब्द तेथे आहेच. तेव्हा ट्रॅकवरचे नुकसान स्वतःच्या खिशातून भरायचे आहे, असे धरूनच चालावे. ट्रेलरची नोंद व्हॅनच्या पॉलिसीत वेगळी करून घ्यावी लागते, आणि ट्रेलरवर बांधलेल्या मोटारीचे वाटेत नुकसान झाले तर कोणती पॉलिसी लागू होईल, हे निघण्यापूर्वी विमा कंपनीकडून ई-मेलवर लिहून घ्यावे. आयोजकांनाही त्याच वेळी व्हॅन आणि ट्रेलरची एकत्रित लांबी कळवून, मागे न घेता सरळ बाहेर काढता येईल अशी जागा आणि आवारात रात्रीच्या मुक्कामाची परवानगी मागून ठेवावी.