देव आहे हे नक्की कळलं, तर?

‘देवाच्या असण्याची पक्की खात्री झाली, तर तुमच्या जगण्यात काय बदलेल?’ असं आम्ही मागच्या अंकात वाचकांना विचारलं होतं. उत्तरं थोडी आली, उलटे प्रश्नच जास्त. त्यातले सात निवडले आहेत. तत्त्वज्ञान शिकवणारे एक आणि समुपदेशन करणाऱ्या एक अशा दोघांनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत. पत्रं जागेअभावी आखडती घेतली आहेत.

प्रश्न : संध्याकाळी बागेत आमचा सात-आठ जणांचा कट्टा असतो. एक मित्र म्हणतो, देव आहे हे उद्या सिद्ध झालं तर परवापासून मी वेगळाच माणूस असेन. मला पटत नाही, पण का ते मांडता येत नाही. — एरंडवणे

उत्तर : सिद्ध झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे त्यांना आधी विचारा. ‘देव आहे’ हे दिसायला एक वाक्य आहे, पण त्याच्या पोटात चार आहेत. हे जग कुणीतरी केलं, हे पहिलं. ज्याने केलं त्याचं आपल्याकडे, म्हणजे तुमच्या बाकाकडेसुद्धा, लक्ष आहे, हे दुसरं. आपण कसं वागावं याबद्दल त्याचं काही म्हणणं आहे, हे तिसरं. आणि त्याप्रमाणे वागल्या-न वागल्याचं फळ तो देतो, हे चौथं. पुरावा बहुतेक वेळा पहिल्याचा दिला जातो आणि खात्री मात्र चौथ्याची खिशात पडते. घोळ तिथे आहे. उदयनाचार्यांनी हजारेक वर्षांपूर्वी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीच्या युक्त्या रचल्या, तेव्हा घडा आहे म्हणजे कुंभार असणारच, या धर्तीच्या एका युक्तीवर त्यांनी भागवलं नाही. जगाच्या कर्त्यासाठी एक आणि वेदांच्या वक्त्यासाठी दुसरी, अशा वेगवेगळ्या युक्त्या त्यांना द्याव्या लागल्या.

मित्रांना एक वही द्या. गेल्या सात दिवसांत केलेल्या वीसेक गोष्टी त्यांनी लिहाव्यात. देवधर्माच्याच नव्हेत, तर ज्यात पैसा, वेळ किंवा दुसऱ्या माणसाशी वागणं आलं अशा. चतुर्थीचा उपास केला; धाकट्या भावाचा फोन मुद्दाम उचलला नाही; सोसायटीच्या मीटिंगला दांडी मारली; कामाच्या मावशींचे दोन खाड्यांचे पैसे कापले. प्रत्येक ओळीपुढे आकडा टाकायचा : वरच्या चारांपैकी कोणतं वाक्य नक्की झालं, तर ही गोष्ट मी वेगळी करेन? कशानेच फरक पडणार नसेल तर शून्य.

यात दोन चुका ठरलेल्या. लोक ‘बदलेन’ऐवजी ‘बदलायला हवं’ लिहितात. त्यावर उपाय म्हणजे तीच यादी बायकोला किंवा मुलाला वेगळी भरायला द्यायची आणि मग दोन्ही शेजारी ठेवायच्या. दुसरी चूक म्हणजे उपास, अभिषेक, देवदर्शन याच ओळी वाढवायच्या; तिथे आकडे पटापट पडतात आणि बरं वाटतं. खरी परीक्षा मावशींच्या पैशांच्या ओळीत आहे. गावाला आजारी आई बघायला गेलेल्या बाईचे पैसे कापू नयेत, हे कळायला देव सिद्ध व्हावा लागत नाही. ते कळत असूनच कापलेले असतात. अशा ओळींपुढे प्रामाणिक माणसाचे बरेच शून्य येतात. कट्ट्यावर मांडण्यासारखा मुद्दा हाच.

महाभारतात तर हे भर दरबारात घडलं आहे. उद्योगपर्वात कृष्ण शिष्टाईला जातो आणि कौरवांच्या सभेत विश्वरूप दाखवतो. भीष्म, द्रोण, विदुर, संजय आणि ऋषी ते उघड्या डोळ्यांनी पाहतात, बाकीचे राजे भीतीने डोळे मिटून घेतात. याहून पक्का पुरावा कुठला हवा? तरी युद्ध टळलं नाही. भीष्म-द्रोण बघूनही कौरवांच्याच बाजूने लढले.

प्रश्न : पण निदान गुन्हे तरी थांबतील ना? वरून कुणी बघतंय ही खात्री असेल तर माणूस वाईट वागेल कसा? — हडपसर

उत्तर : काही प्रमाणात थांबतील. चौकात हवालदार उभा असला की सिग्नल पाळला जातो, एवढं पुण्यात कुणालाही ठाऊक आहे. पण त्या गाडीवाल्याला आपण शिस्तीचा माणूस म्हणत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने १७८८ साली हाच प्रश्न घेतला होता. देव आणि अनंतकाळ सतत डोळ्यांपुढे उभे राहिले तर नियम मोडले जाणार नाहीत हे खरं. पण ते बहुतेक भीतीने पाळले जातील, थोडे आशेने आणि कर्तव्य म्हणून एकही नाही. वागणं कळसूत्री बाहुल्यांसारखं होईल. देव स्पष्ट दिसत नाही हे माणसाच्या भल्याचंच आहे, असा त्याचा निष्कर्ष. ही पळवाट आहे असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचं अगदीच चूक नाही, पण भीतीबद्दलचं निरीक्षण बिनतोड आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाचं तेच होतं. विश्वरूप दिसल्यावर त्याला आनंद होतो, पण मन भीतीने थरथरतं. तुला मित्र समजून चेष्टामस्करीत बोललो त्याची क्षमा कर, असं तो म्हणतो आणि पुन्हा ओळखीचं रूप मागतो. आयुष्यभराचं सख्य एका दर्शनात अवघडून जातं. पुढे अठराव्या अध्यायात कृष्ण त्याला म्हणतो, सगळ्याचा नीट विचार कर आणि तुझ्या इच्छेला येईल तसं कर. इतकं दाखवल्यावरही निर्णय अर्जुनाकडेच ठेवलेला आहे.

शिवाय पहिल्या उत्तरातल्या तिसऱ्या वाक्याची अडचण राहतेच. देव आहे हे मान्य केलं तरी त्याला काय हवंय? १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरून, म्हणजे मुलींचं संमतिवय दहाचं बारा करण्यावरून, पुणं पेटलं होतं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही ईश्वर मानणारे. रानडे कायद्याच्या बाजूने, टिळक विरोधात. ज्यांची देवावर श्रद्धा नव्हती ते आगरकर या प्रश्नावर रानड्यांच्या बाजूला.

आता मदतीचं. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मोपदेशक होऊ घातलेल्या चाळीस विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यांना भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषय तर बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे वाटेवर जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्याची गोष्ट हाच होता. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला ठेवला होता. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ आणि उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी १०. भाषणाचा विषय किंवा धार्मिकतेची तऱ्हा यांवरून कोण थांबेल हे सांगता आलं नाही. तेव्हा चांगलं वागायची मनापासून इच्छा असेल तर देव सिद्ध होण्याची वाट न पाहता घरून पंधरा मिनिटं आधी निघावं, हा सल्ला जास्त लागू पडतो.

प्रश्न : सासूबाईंनी सोपवलेले देव आहेत. रोज पाऊण तास पूजा करते. हल्ली विश्वास पूर्वीसारखा राहिलेला नाही. देव नाही असं पक्कं कळलं तर पूजा सोडावी का? आणि आत्ता करते ते ढोंग का? — सदाशिव पेठ

उत्तर : ढोंग नाही. आपल्याकडे पूर्वमीमांसा नावाचं एक आख्खं दर्शन विधींच्या समर्थनासाठी उभं आहे, आणि त्यातले दिग्गज कुमारिल भट्ट जगाचा कर्ता ईश्वर मानतच नाहीत. यज्ञाचं फळ यज्ञातूनच, ‘अपूर्व’ नावाच्या शक्तीतून येतं, त्यासाठी देणारा कुणी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. योगसूत्रांतही ‘ईश्वरप्रणिधानाद्वा’, म्हणजे ‘किंवा ईश्वराला शरण जाऊन’, असं म्हटलंय. त्यातला ‘वा’ महत्त्वाचा, कारण तो एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. आणि तुळशीची माळ घालताना वारकऱ्याकडून एकादशी, वारी, हरिपाठ यांचा शब्द घेतात. देव असण्याची किती टक्के खात्री आहे, हे कुणी विचारत नाही.

तरी तुम्हाला आजमावायचं असेल तर सगळं एकदम सोडू नका. पाऊण तासाचे तुकडे करा : देव घासणं, स्नान, गंध-फुलं, दिवा, नैवेद्य, आरती, पोथी. ‘नाही केलं तर काहीतरी होईल’ या धाकाने जे करता तेवढंच आधी काढा आणि बाकीचं महिनाभर जसंच्या तसं ठेवा. मग दुसरा तुकडा. कशाची उणीव भासली ते लिहा. पुष्कळांना पोथीची भासत नाही, दिव्याची भासते. त्या वेळी घर शांत असतं, हेही त्याचं कारण असू शकतं.

यातली नेहमीची फसगत अशी. पूजेत खंड पडला, चार दिवसांनी नातवाला ताप आला, की मनाने निकाल लावलेला असतो. म्हणून सुरुवात करण्याआधी, पूजा यथासांग चालू असतानाच्या महिन्यात घरात काय काय बिघडलं ते लिहून ठेवा. कुठल्याही घरात महिन्याकाठी एखादा ताप, एखादं भांडण आणि ऐन वेळी संपलेला गॅस असतोच. यादी हाताशी असली की पुढच्या महिन्याच्या तापाला देवाचं नाव लागत नाही. श्रावणात किंवा गणपतीत हे करू नका, घरचे सगळे मध्ये पडतील. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तरीही नको. शेवटी पूजा थांबवायची ठरलीच तर देव परस्पर कुठे देऊ नका. जाऊबाईंना, नणंदेला आधी विचारा. विश्वासावरून होत नाहीत इतकी भांडणं सासूबाईंच्या चांदीच्या अन्नपूर्णेवरून होतात.

प्रश्न : माझे नवस फळतात. वीसपैकी चौदा फळले. आणखी काय पुरावा हवा? — पिंपरी

उत्तर : दुसरी यादी हवी. तितक्याच ओढीने हव्या असलेल्या, पण नवस न बोललेल्या वीस गोष्टी लिहा. त्यातल्या तेरा झाल्या असतील, तर नवसाची कमाई वीसात एक, म्हणजे नसल्यात जमा. पाचच झाल्या असतील तर गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पहिल्या यादीतही गळती असते : न फळलेले नवस विसरले जातात, मुदत नसते म्हणून सात वर्षांनी झालेलं कामही जमेत धरलं जातं, आणि ‘नोकरी गेली तेच बरं झालं’ हेसुद्धा फळलं म्हणूनच मोजलं जातं. होकार आणि नकार दोन्ही जमेतच धरायचे असतील तर मोजणीला अर्थ नाही. यापुढे नवस बोलताना तारीख, नेमकं काय हवं आणि कधीपर्यंत, हे आधी लिहा.

प्रार्थनेची एक मोठी चाचणी २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. सहा रुग्णालयांत बायपास झालेले १,८०२ रुग्ण त्यात होते. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण आपल्यासाठी ती होतेय का हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यात ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली. तितकेच अंधारात असलेल्या, प्रार्थना न झालेल्यांत ५१ टक्क्यांना. आणि आपल्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्क्यांना! प्रार्थना करणारे अनोळखी होते आणि घरच्यांची प्रार्थना कुणी थांबवली नव्हती, त्यामुळे यावरून देव नाही असं निघत नाही. नवसाचा हिशेब आणि देवाचं असणं ही दोन वेगळी खाती आहेत. देहूचे तुकोबा परम विठ्ठलभक्त. पण नवसाने मुलं होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता, हे त्यांनीच विचारून ठेवलंय.

प्रश्न : देव असेल किंवा नसेल. म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी. मग मानलेलं बरं नाही का? — वारजे

उत्तर : थांब्यावर उभं असताना बस दोन मिनिटांत येईल किंवा येणार नाही, म्हणून निम्मी शक्यता धरून कुणी निवांत राहतं का? पर्याय दोन असले म्हणजे वजनं सारखी होत नाहीत. ‘मानण्यात तोटा नाही’ हा सौदा फ्रेंच गणिती पास्काल याच्या टिपणांत आहे. ती त्याच्या मृत्यूनंतर १६७० साली छापली गेली. त्यातली खोट अशी की कोणता देव मानायचा ते त्यावरून ठरत नाही. आणि नुसता हिशेब करून मानणाऱ्यावर रुसणारा देव असेल, तर सौदा उलटाच पडतो.

प्रश्न : ओळखीतले एक गृहस्थ सात बैठकांत साक्षात्कार करून देतात म्हणे. ५१ हजार मागतात. खात्री मिळत असेल तर जावं का? — धनकवडी

उत्तर : जाऊ नये. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. कीर्तन, प्रवचन, वारी यांना हा कायदा हात लावत नाही. पैसे दिले असतील तर रोख दिल्याची तारीख, सोबत कोण होतं, फोनवरचे निरोप हे सगळं जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात या कायद्याखालचे दक्षता अधिकारी कोण, ते विचारा.

प्रश्न : आठ वर्षांची लेक विचारते, देव खरंच आहे का? मी हो म्हणते, तिचे बाबा नाही म्हणतात. गोंधळ होतो का तिचा? — कर्वेनगर

उत्तर : होत नाही, तुमच्यात त्यावरून आवाज चढत नसेल तर. तुम्ही ‘मला वाटतं, आहे’ म्हणा, बाबांनी ‘मला वाटत नाही’ म्हणावं. ‘मला वाटतं’ हे दोघांनीही गाळू नये. मग तिला विचारा, तुला काय वाटतं? आणि तिचं ऐकून घ्या, मधे दुरुस्त न करता. दूध संपवायला मात्र बाप्पा बघतोय असं सांगू नका. तिच्या वाटीत दूध थोडं कमी ओता.