‘कराटे-दो’मधला ‘दो’: मार्ग की बोलणं?

प्रश्न असा आहे: “मुलगी कराटे शिकते. वर्गात सांगतात की ‘कराटे-दो’मधल्या ‘दो’चा अर्थ मार्ग. चिनी शिकणारा माझा भाचा म्हणतो, त्या अक्षराचा अर्थ ‘बोलणे’. खरं काय? आणि मुलीला ते लिहून बघायचंय, तर सुरुवात कुठून करायची?”

दोघंही बरोबर आहेत. अक्षर मूळ चिनी: 道. जपानीत त्याचा उच्चार ‘दो’ झाला, ‘ओ’ जरा लांबवून. जुदो, केंदो, कोरियातलं ताएक्वांदो, अगदी होक्काइदो बेटाच्या नावातलं शेवटचं अक्षरही हेच. आणि चिनी तत्त्वज्ञानात ज्याला आपण ‘ताओ’ म्हणतो, तेही हेच.

आधी लिहिण्याचं, कारण मुलीची उत्सुकता मला फार आवडली. एकूण रेघा १२. आतला भाग म्हणजे ‘डोकं’ या अर्थाचं स्वतंत्र अक्षर, ९ रेघांचं. वर एकमेकांकडे कललेले दोन ठिपके, त्यांच्याखाली आडवी रेघ, तिच्या मध्यातून डावीकडे उतरणारी छोटी तिरकी रेघ. मग उभा चौकोन: डावी बाजू, नंतर वरची आणि उजवी बाजू हात न उचलता एका दमात (ही एकच रेघ धरतात), आत दोन आडव्या, सर्वांत शेवटी तळाची. उरलेल्या ३ रेघा ‘चालणं’ दाखवणाऱ्या भागाच्या: डावीकडे एक ठिपका, त्याखाली वळणं घेत उतरणारी रेघ आणि सगळ्यांच्या पायाखालून उजवीकडे जाणारा लांब फराटा.

नवशिके इथे हमखास चुकतात. डावीकडचं आधी हा नियम नुकताच पाठ झालेला असतो, म्हणून डावा भाग आधी काढतात आणि मग डोक्याला जागाच उरत नाही. हा भाग शेवटीच काढायचा. आपण नाही का, शब्दातली अक्षरं आधी लिहून शिरोरेघ शेवटी ओढत? मुलीला एवढं सांगा, विसरणार नाही.

डोकं आणि चालणं मिळून ‘वाट’ कशी झाली? जुन्या कांस्यपात्रांवरच्या लेखांत हे अक्षर चौरस्त्याच्या चित्रामधे डोकं, अशा रूपात सापडतं. तोंड एका दिशेला करून चाललेला माणूस, ही कल्पना सुंदर आहे. पण ‘डोकं’ हा भाग अर्थासाठीच नव्हे तर उच्चार सुचवण्यासाठीही आला, असं बरेच अभ्यासक मानतात. तेव्हा चित्राची गोष्ट लक्षात ठेवायला घ्यावी, तीच पूर्ण व्युत्पत्ती समजू नये.

उच्चाराबाबत मराठी माणसाचं काम सोपं आहे. रोमन लिपीत हल्ली हा शब्द ‘द’च्या अक्षराने लिहितात, म्हणून लोक ‘दाओ’ म्हणतात. पण चिनीतला हा ध्वनी घोष (म्हणजे ‘द’सारखा घशात कंप होणारा) नाही, तो आपल्या ‘त’च्या जवळचा, रोमन ‘त’ने दाखवतात तो ‘थ’सारखा. म्हणजे मराठीत रुळलेलं ‘ताओ’च जास्त बरोबर. चिनीतल्या चार सुरांपैकी याचा सूर चौथा: वरून सुरू करून झटकन खाली.

आता ‘बोलणे’. जुन्या चिनी कथांमधे ‘अमका म्हणाला’ यासाठी हेच अक्षर येतं. आजही ‘माफी मागणे’, ‘आभार मानणे’ या शब्दांत ते आहे. ‘ताओ ते चिंग’ या ताओपंथाच्या प्राचीन ग्रंथाच्या पहिल्या सहा अक्षरांत हे तीनदा येतं, आणि त्यातलं दुसरं ‘सांगणे’ या अर्थी घेतात: सांगता येतो तो ताओ चिरंतन ताओ नव्हे. याशिवाय ‘माहीत असणे’ आणि ‘चव’ या रोजच्या शब्दांत ते दुसरं अक्षर म्हणून बसतं. जेवणातले पदार्थ आणि परीक्षेतले प्रश्न मोजतानाही तेच वापरतात.

मराठीत काय म्हणावं? मी ‘मार्ग’च म्हणेन, आणि माझ्या पाठीशी फार मोठा माणूस आहे. सातव्या शतकात कामरूपचा (आजच्या आसामचा) राजा भास्करवर्मा याच्यासाठी ‘ताओ ते चिंग’ संस्कृतात नेण्याची आज्ञा चीनचा सम्राट ताइत्सुंग याने युआन श्वांगला दिली. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला तोच हा प्रवासी. ताओपंथी पंडितांचा आग्रह होता की ‘ताओ’ला ‘बोधि’ म्हणावं; जुन्या बौद्ध भाषांतरांत ‘बोधि’साठी हे अक्षर वापरलं गेलंही होतं. युआन श्वांग हटला नाही. बोधि म्हणजे जागृती, या अक्षराला संस्कृत शब्द ‘मार्ग’च, असं त्याने ठामपणे सांगितलं. तो अनुवाद आज उपलब्ध नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

‘पंथ’ हा शब्दही जवळचा आहे. तोही रस्त्यावरून निघून विचारापर्यंत पोचला. पण मराठीत त्याला संप्रदायाचा अर्थ इतका चिकटलाय की ‘कराटे-पंथ’ म्हटलं तर भलतंच कळेल.

वर्गाच्या भिंतीवर ‘कराटे-दो’ उभं लिहिलेलं असेल, तर तीन अक्षरं दिसतील: रिकामा, हात आणि सर्वांत खाली हे. मुलीला आधी त्यातला शेवटचा फराटा शोधायला सांगा.