गिझरची घरघर पलंगापर्यंत येते त्याबद्दल

भाऊ, गिझर आणि भिंतीच्या मध्ये फोम घालू का, असं विचारलंय तुम्ही. घालू नका. 25 लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच 25 किलो, वर टाकीचं वजन. फोम चार दिवसांत चपटा होतो आणि बोल्ट ढिले पडतात.

पलीकडे आईंची खोली, मध्ये चार इंची भिंत. म्हणजे भिंतीचा ढोल झालाय. पण तो वाजवतंय कोण, ते आधी शोधा. पहाटे सगळे नळ बंद ठेवून फक्त गिझर लावा. पाणी तापताना कडकड, खदखद ऐकू आली तर कॉइलवर क्षार बसलाय. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, दोन हिवाळ्यांत थर जमतो. थराखाली अडकलेलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे बाहेरच्या गार पाण्यात येऊन मिटतात, तोच हा आवाज. मागच्या दिवाळीआधी माझा गिझर उघडला तर दोन वाट्या पांढऱ्या कपच्या निघाल्या. कॉइल लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवली, गॅस्केट नवं बसवलं, खदखद गेली. हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडून आणि टाकी पूर्ण गार झाल्यावरच. नंतर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानाचं बटण, 60 अंशांच्या पुढे नेऊ नका, जास्त तापलं की क्षार लवकर धरतो.

पण तुम्ही लिहिलंय ‘घरघर’, आणि तीही आंघोळ सुरू असताना. मला तरी हा गच्चीवरचा प्रेशर पंप वाटतो. आमच्या भुसावळच्या घरी अगदी हेच होतं. दोन वर्षं मी गिझरलाच शिव्या दिल्या. एकदा नळ चालू असताना सहज पाइप मुठीत घट्ट धरला आणि आवाज बसला! सोडला की पुन्हा सुरू. पंपाची थरथर सीपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) कडक पाइपातून खाली येत होती, आणि तो पाइप भिंतीला लोखंडी क्लॅम्पने आवळलेला. सायकलची जुनी ट्यूब कापून प्रत्येक क्लॅम्पखाली दोन पदर दिले, पंपाखाली जाड रबराचा तुकडा, आणि पंपाच्या तोंडाशी हातभर लवचिक नळी. खर्च किरकोळ. गिझरला येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही कनेक्शन पाइपही स्टीलच्या जाळीचे घेतले.

नळ झटकन बंद केल्यावर ‘धाड’ होत असेल तर बहुधा कुठला तरी क्लॅम्प निघालाय, पाइप भिंतीवर आपटतोय. तो आवळा.

एवढं करूनही आवाज राहिला तरच गिझर बाहेरच्या नऊ इंची भिंतीवर हलवा. आणि काम चालू असताना प्लंबर गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला (टाकीतला जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेला) बूच मारत नाही ना, ते उभं राहून बघा. पाणी तापताना तिथून थेंब पडतात, तो बिघाड नव्हे. आमच्याकडे एकाने ‘गळतंय’ म्हणून बूच लावलंच होतं, मी काढायला लावलं.