पत्रातला एक परिच्छेद मी खोडला आहे

प्रश्न : मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करतेय, रुग्णालयात इंटर्नशिप चालू आहे. वॉर्डातल्या एका बाईंनी तिला विश्वासाने काही सांगितलं. टीमच्या बैठकीत समाजसेविका ते सासूच्या कानावर घालू म्हणाल्या. मुलीने विरोध केला, सिनिअरांनी गप्प बसवलं. आम्ही म्हणतो, माफी मागून सर्टिफिकेट घे आणि बँकेच्या परीक्षेला बस. – एक पालक

उत्तर : तुमच्या मेलमधला एक अख्खा परिच्छेद काढूनच हा प्रश्न छापलाय. त्यात त्या बाईंचं गाव, नवऱ्याची नोकरी, सगळं होतं. जी गोष्ट सासूला कळू नये म्हणून मुलगी भांडली, ती तिच्याच घरातून माझ्यापर्यंत आली! मुलगी रडत आली की आईवडील विचारणारच. पण तिने गाव-नाव गाळून सांगायला हवं होतं, आणि तुम्ही खोदून विचारायला नको होतं.

‘टीम म्हटली की डॉक्टर म्हणतील ती पूर्व दिशा,’ असं तुम्ही लिहिता. तसं नसतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 23 ने गुप्ततेचं बंधन उपचार करणाऱ्या प्रत्येकावर घातलंय, फक्त डॉक्टरांवर नाही. टीममध्ये माहिती द्यायची ती उपचारांसाठी. ‘घरचे आहेत’ एवढ्यावर कुणालाही सांगता येत नाही. नामनिर्देशित प्रतिनिधीलासुद्धा, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत पेशंटला साथ द्यायला या कायद्यानुसार नेमलेल्या माणसालासुद्धा, त्याच्या जबाबदारीपुरतंच. सासू ती प्रतिनिधी आहे का, हे बैठकीत कुणी विचारलं? विचारलं असेल, तर तुमच्या पत्रात ते नाही.

मुलीचंही एक चुकलं. ‘कुणालाही सांगणार नाही’ असा शब्द तिने बाईंना दिला होता. तो इंटर्नने देऊच नये. जिवाला धोका असेल तर टीमला सांगावंच लागतं, हे पेशंटला पहिल्याच भेटीत सांगायचं असतं. तिने झालेलं सगळं नोंदवहीत लिहावं आणि सुपरवायझरशी वेगळी वेळ घेऊन बोलावं. माफी कशाची मागायची?

बँकेच्या परीक्षा पुढेही देता येतील. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर नुसतं एम.ए. पुरत नाही, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पण तिला काय हवंय, याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ नाही. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.

आणि हो, तो मेल मी डिलीट केलाय. तुमच्या ‘सेंट’मधूनही काढून टाका.