जन्मदाखल्यावाचून पहिलीचा प्रवेश अडला

प्रश्न : ताई, आम्ही भांडुपला राहतो. मुलगी सहा वर्षांची आहे. तिचा जन्म गावी घरीच झाला, नोंद राहून गेली. जवळच्या शाळेने दाखल्याशिवाय पहिलीत घेणार नाही, असं तोंडी सांगितलं. आता काय करू?

उत्तर : शाळेचं हे चूक आहे, आणि मला त्याचा रागच येतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 14 स्पष्ट आहे : वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीच्या नोंदवहीचा उतारा घ्या, सोबत वयाचं तुमचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्याच. तोंडी नकाराला पुढे कुणी विचारत नाही. तरी ऐकलं नाही, तर कलम 32 खाली महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करा. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. तो पटला नाही, तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. जून उलटला म्हणून घाबरू नका, उशिरा आलेल्या मुलालाही कलम 15 प्रमाणे प्रवेश द्यावाच लागतो. गावच्या ग्रामपंचायतीत उशिराच्या जन्मनोंदीचा अर्जही आत्ताच करून ठेवा.