काहीही साठवत नसताना सी ड्राइव्ह का भरत जातो?

नवीन काही साठवले नसताना विंडोजच्या संगणकातील सी ड्राइव्हची जागा रोज घटते आणि टेम्पररी फायली पुसूनही फरक पडत नाही, तर कारण कसे शोधावे, असे आपण विचारले आहे. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचे हिशेब पाहतो. गेल्या हंगामात आमच्याकडेही हेच घडले होते. त्यावरून कळकळीने सांगतो की, काहीही पुसण्यापूर्वी रोजमेळ जुळवतो तसा जागेचा मेळ घालावा.

सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसणारी वापरलेली जागा आणि विनडिरस्टॅटसारख्या मोफत प्रोग्रामने काढलेली फोल्डरांची बेरीज यांची तुलना करावी. आमच्याकडे या दोन आकड्यांत 41 जीबींची तफावत निघाली. साध्या खात्याला ज्या फोल्डरांत शिरता येत नाही, ते या बेरजेत येतच नाहीत.

त्याच वेळी मी रोज सायंकाळी शिल्लक जागा वहीत टिपू लागलो, आणि खरा धागा तिथेच सापडला. सौद्याच्या दिवशी जागा घटत असे, रविवारी मात्र आकडा जागचा हलत नसे. म्हणजे जागा खाणारे काम आमच्याच हातून होत होते. मग तोच प्रोग्राम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडून चालवला, तेव्हा 'सिस्टिम३२'मधील 'स्पूल' फोल्डरातले 'प्रिंटर्स' हे फोल्डर, म्हणजे छापायला पाठवलेले कागद संगणक तात्पुरते जिथे ठेवतो ती जागा, फुगलेले दिसले. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड' या भागात 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स' (छापून झालेले कागद ठेवून द्या) या पर्यायावर कोणीतरी खूण केली होती, त्यामुळे शेतकऱ्यांना दिलेल्या प्रत्येक पट्टीची (विक्रीच्या हिशेबाच्या कागदाची), दुकानाच्या रंगीत बोधचिन्हासह, एक प्रत साठत गेली होती. खूण काढली, 'प्रिंट स्पूलर' ही सेवा थांबवून ते फोल्डर रिकामे केले आणि सेवा पुन्हा सुरू केली.

आपले कारण वेगळे असू शकते. संगणक रीस्टार्ट केल्यावर बरीच जागा परत मिळत असेल, तर बहुधा पेजफाइल, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यावर विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल, वाढत असावी. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून मोजूनही तफावत उरत असेल, तर सिस्टिम रिस्टोअरच्या, म्हणजे संगणक पूर्वस्थितीत नेण्यासाठी विंडोज जपून ठेवते त्या प्रतींच्या, साठ्याकडे पाहावे. त्याची कमाल मर्यादा 'सिस्टिम प्रोटेक्शन'मध्ये कमी करता येते. हायबरनेशनची (चालू काम डिस्कवर ठेवून संगणक बंद करण्याच्या सोयीची) फाइल मोठी असते खरी, परंतु ती रोज वाढत नाही, म्हणून आपल्या बाबतीत तिच्यावर संशय घेण्याचे कारण नाही.